संगणकातील पालक आणि अपत्य
१६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर लातूरच्या दप्तरातील नोंद उस्मानाबादेत आपोआप उमटेना. युनिक्स संगणकातील शेलचा व्यवहार असाच आहे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून शेल अपत्य-प्रक्रियेस आपल्या चलांची नक्कल देते, परंतु ‘एक्स्पोर्ट’ केलेल्यांचीच. नांदेडच्या शिक्षकाने तालुक्यासाठी नवे चल योजून त्यात ‘मुखेड’ लिहिले आणि ही आज्ञा द्यावयाची राहिली, तर छपाईच्या कार्यक्रमास ते चल मिळत नाही व निकालपत्रकावर तालुक्याची जागा कोरी राहते. कार्यक्रम बहुधा तक्रारही करीत नाही, हीच खरी अडचण! अपत्याने ‘मुखेड’चे ‘देगलूर’ केले तरी पालक शेलला त्याचा पत्ता नसतो. पालकाने मागाहून केलेला बदलही चालू अपत्यास पोहोचत नाही. ते बंद करून नव्याने सुरू करावे लागते.