पुरस्कार कसा ठरतो?



यंदाच्या स्नेहसंमेलनानंतर एका विद्यार्थ्याचे आजोबा मला भेटायला शाळेत आले. त्यांच्या नातवाला एकपात्री अभिनयात दुसरे बक्षीस मिळाले होते. पाणी प्यायले आणि शांतपणे म्हणाले, "सर, बक्षिसाबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या बाई परीक्षक होत्या त्या पहिल्या आलेल्या मुलीच्या मामी लागतात, हे तुम्हाला ठाऊक होते का?"

मला ठाऊक नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते. परीक्षक मीच निवडले होते. ग्वाल्हेरातला आपला मराठी समाज तो केवढा! चार घरे ओलांडली की नाते निघतेच. म्हणूनच मी विचारायला हवे होते.

त्या मुलीने सुंदर अभिनय केला होता, तो मी स्वतः पाहिला आहे. तिचे बक्षीस तिच्याकडेच राहील. पण आता त्या बक्षिसाला शंका चिकटली. मुलीला वाटणार, लोक काय म्हणत असतील. मुलाला वाटणार, आपल्याला न्याय मिळाला नाही. दोघांचेही नुकसान झाले आणि ते माझ्या चुकीमुळे झाले. दोन्ही कुटुंबांची मी क्षमा मागितली आहे. मात्र चूक शाळेत झाली तर तिचा धडाही शाळेतच व्हायला हवा. म्हणून या अंकाच्या अभ्यासलेखासाठी विषय घेतला आहे – राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार. टीव्हीवर वर्षभर पुरस्कार सोहळे चालू असतात. आपण कपडे पाहतो, नाच पाहतो, टाळ्या वाजवतो. पण निवड कशी होते, हे फारसे कोणी विचारत नाही. आज तेच पाहू.

पहिले सुवर्णपदक

हे पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले. त्या वेळी त्यांना राज्य पुरस्कार म्हणत असत. १९५३ च्या चित्रपटांचा विचार झाला आणि सर्वोत्कृष्ट कथापटासाठीचे राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक एका मराठी चित्रपटाला मिळाले. तो चित्रपट म्हणजे आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई'. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या पुस्तकावर तो आधारलेला होता.

माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. मराठी मी घरी, आईच्या तोंडून शिकलो. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेले माझे पहिले मराठी पुस्तक 'श्यामची आई' हेच होते. त्यातली पायांना माती लागू नये म्हणून जपणाऱ्या मुलाची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. मनालाही तसेच जप, असे आई त्याला समजावते. आजोबा उठून गेल्यावर मला पहिल्यांदा तीच गोष्ट आठवली.

या चित्रपटाचे आपल्या शहराशीही नाते आहे. श्यामच्या आईची भूमिका करणाऱ्या वनमाला यांचा जन्म उज्जैनचा आणि शिक्षण ग्वाल्हेरचे. त्यांचे मूळ नाव सुशीला पवार. सोहराब मोदी यांच्या 'सिकंदर' (१९४१) या हिंदी चित्रपटात त्या नायिका होत्या. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले ते ग्वाल्हेरातच. म्हणजे देशाच्या पहिल्या सुवर्णपदकात आपल्या गावच्या मुलीचाही वाटा आहे. वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा एकाही विद्यार्थ्याला ती माहीत नव्हती. आपणच मुलांना सांगितली नाही, तर ती त्यांना माहीत होणार कशी?

एकच वर्ष, दोन निकाल

आता एक गंमत पाहा. १९५४ सालीच मार्च महिन्यात मुंबईला पहिले फिल्मफेअर पुरस्कार दिले गेले. तिथे सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला बिमल रॉय यांचा 'दो बीघा ज़मीन'. ही निवड मासिकाच्या वाचकांच्या मतांवर झाली होती. राष्ट्रीय पुरस्कारांत मात्र परीक्षकांनी सुवर्णपदक 'श्यामची आई'ला दिले आणि 'दो बीघा ज़मीन'ला गुणवत्ता प्रमाणपत्र. त्याच 'दो बीघा ज़मीन'चा फ्रान्समधील कान महोत्सवात १९५४ मध्येच आंतरराष्ट्रीय पुरस्कार देऊन गौरव झाला.

मग कोणाचा निकाल खरा? सगळ्यांचाच. परीक्षक बदलले, कसोटी बदलली की निकालही बदलतो. एका ठिकाणचा दुसरा दुसऱ्या ठिकाणी पहिला असू शकतो. दुसरे बक्षीस म्हणजे अपमान नव्हे, हे मुलांनी आणि त्याहूनही जास्त पालकांनी लक्षात ठेवावे. पण त्याला एक अट आहे: निकाल प्रामाणिकपणे लागलेला असला पाहिजे. हरण्याचे दुःख माणूस विसरतो. फसवले गेल्याची शंका मात्र विसरत नाही.

निवडीचे नियम

राष्ट्रीय पुरस्कारांसाठी १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात सेन्सॉर प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटांचा विचार होतो. निर्माता स्वतः प्रवेशिका पाठवतो. परीक्षकांना देशातली प्रत्येक भाषा कशी येणार? म्हणून चित्रपटासोबत इंग्रजी उपशीर्षके द्यावी लागतात. कथापटांची निवड दोन पायऱ्यांत होते. आधी उत्तर, पूर्व, पश्चिम आणि दक्षिणेच्या दोन अशा पाच प्रादेशिक समित्या चित्रपट पाहतात. त्यांनी सुचवलेले चित्रपट मग केंद्रीय समितीपुढे जातात. मुख्य पुरस्काराला सुवर्णकमळ म्हणतात. इतर अनेक पुरस्कारांना रजतकमळ. संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषांसाठी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे वेगवेगळे पुरस्कार आहेत.

आपल्या कामाचे तीन नियम मात्र वेगळे सांगतो.

पहिला – स्पर्धेतल्या चित्रपटाशी ज्याचा संबंध आहे, त्याला परीक्षक होता येत नाही. माणूस कितीही सज्जन असो, त्याने बाजूला राहायचे. यात त्याच्यावर अविश्वास नाही. उलट त्याच्यावर कोणी शंका घेऊ नये म्हणून हा नियम आहे.

दुसरा – योग्य काम आढळले नाही तर एखादा पुरस्कार न देण्याची मोकळीक परीक्षकांना असते. नाव द्यायचेच म्हणून कोणाचे तरी नाव देत नाहीत.

तिसरा – दोन कामे खरोखर बरोबरीची असतील तर पुरस्कार विभागून देता येतो. २०११ च्या चित्रपटांत सर्वोत्कृष्ट ठरलेल्या मराठी 'देऊळ'ने तो मान 'ब्यारी' या चित्रपटाबरोबर वाटून घेतला. ब्यारी ही कर्नाटकाच्या किनाऱ्यावर, मंगळूरच्या बाजूला बोलली जाणारी छोटी भाषा आहे. मोठ्या भाषांच्या रांगेत तीही पहिली आली.

आपल्या मराठीचेच पाहा. 'श्यामची आई'नंतर हा सर्वोच्च मान पुन्हा मिळायला पन्नास वर्षे लागली. २००३ च्या चित्रपटांत 'श्वास'ला तो मिळाला. त्यानंतर 'देऊळ', मग २०१४ चा 'कोर्ट' आणि २०१६ चा 'कासव'. मधल्या पन्नास वर्षांत मराठीत चांगले चित्रपट झालेच नाहीत असे नाही. बक्षीस मिळो न मिळो, लोक काम करत राहिले. म्हणून पुढे 'श्वास' होऊ शकला.

देणाऱ्याचा हात

या पुरस्कारांतही वाद झाले आहेत. ३ मे २०१८ रोजी दिल्लीच्या विज्ञान भवनात समारंभ होता. प्रथेप्रमाणे आपल्याला राष्ट्रपतींच्या हातून पुरस्कार मिळेल अशी सर्व विजेत्यांची अपेक्षा होती. राष्ट्रपती अकराच पुरस्कार देतील आणि बाकीचे मंत्री देतील, असे त्यांना आयत्या वेळी कळले. अनेक विजेते समारंभाला गेलेच नाहीत. काहींना हा हट्ट वाटला. मला वाटते, त्यांचे म्हणणे समजून घेण्यासारखे होते. पदक तेच, रक्कम तीच. पण काहींना एका हाताने आणि काहींना दुसऱ्या हाताने दिले की मानात भेद होतो.

आपल्या समारंभात काय होते? पाहुण्यांना गाडी गाठायची असते. पहिली दहा बक्षिसे त्यांच्या हातून, फोटोसह. मग ते निघून जातात आणि धावण्याची, रांगोळीची, हस्ताक्षराची बक्षिसे आम्ही कार्यालयात बोलावून हातात ठेवतो. दरवर्षी हेच घडते आणि मुले काही बोलत नाहीत. बोलत नाहीत म्हणजे त्यांना काही वाटत नाही, असे समजू नये.

आपल्या चंबळचा मुलगा

२०२३ च्या चित्रपटांचे पुरस्कार ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झाले आणि २३ सप्टेंबर २०२५ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते देण्यात आले. सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला विधू विनोद चोप्रा यांचा हिंदी '१२वी फेल'. मनोज कुमार शर्मा या मुरैना जिल्ह्यातील मुलाची ही खरी कहाणी. शाळेत सर्रास नकल चालते. एक पोलीस अधिकारी ती बंद पाडतो आणि मुलगा बारावीत नापास होतो. पुढच्या वर्षी तो नकल न करता तिसऱ्या श्रेणीत पास होतो. चित्रपटात तो पुढे आपल्या ग्वाल्हेरातूनच दिल्लीला जातो. शेवटी तो आयपीएस अधिकारी होतो. त्यांची नेमणूक झाली ती महाराष्ट्रात!

त्याच पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट कोणता ठरला, माहीत आहे? सुजय डहाके यांनी नव्याने केलेला 'श्यामची आई'. सत्तर वर्षांनी तेच नाव पुन्हा यादीत आले. बालकलाकाराचा पुरस्कार पाच मुलांत विभागला गेला. त्यांपैकी त्रिशा ठोसर, श्रीनिवास पोकळे आणि भार्गव जगताप ही मुले 'नाळ २'मधली, कबीर खंदारे 'जिप्सी'मधला. म्हणजे चौघे मराठी चित्रपटांतले. पाचवी सुकृती वेणी तेलुगु चित्रपटातली.

कोकणातला गरीब श्याम आणि चंबळचा गरीब मनोज, दोघांची गोष्ट मला एकच वाटते. खोटेपणाने मिळालेले टिकत नाही, हे दोघांनाही लहानपणीच कोणीतरी सांगितले. एकाला आईने, दुसऱ्याला एका अधिकाऱ्याने. आपल्या मुलांना हे आपण नुसते भाषणातून सांगू लागलो आणि बक्षीस ठरवताना नात्यागोत्याकडे डोळेझाक केली, तर मुले भाषण विसरतील आणि डोळेझाक लक्षात ठेवतील.

पुढच्या वर्षापासून

विश्वस्त मंडळापुढे मी पुढील प्रस्ताव ठेवला आहे.

१. प्रत्येक परीक्षकाकडून स्पर्धेपूर्वी लेखी घेतले जाईल की कोणत्याही स्पर्धकाशी त्यांचे नाते किंवा शिकवणीचा संबंध नाही. हा नियम मला आणि विश्वस्तांनाही लागू राहील.
२. अंतिम फेरीच्या तीन परीक्षकांपैकी किमान एक शहराबाहेरचा असेल.
३. गुण कशासाठी किती, हे स्पर्धेच्या आठ दिवस आधी फलकावर लावले जाईल.
४. सर्व बक्षिसे एकाच व्यासपीठावर, एकाच पाहुण्यांच्या हस्ते दिली जातील. वेळ कमी पडला तर भाषणे कमी होतील. त्यात माझे भाषण पहिले.

हे वाचून दाखवल्यावर आजोबा म्हणाले, "चौथा नियम आधी करायला हवा होता, सर." मी मान्य केले.

स्वाध्याय

१. 'श्यामची आई' आणि 'दो बीघा ज़मीन' यांना १९५४ मध्ये मिळालेल्या मानांचा तक्ता तयार करा.
२. आपला मित्र स्पर्धेत आहे आणि तुम्हाला परीक्षक केले आहे. तुम्ही काय कराल? आठ ओळी लिहा.
३. घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या लहानपणी मिळालेल्या किंवा हुकलेल्या एका बक्षिसाची हकीकत विचारा आणि मराठीत लिहून आणा. निवडक हकीकती पुढील अंकात छापू.
४. पालकांसाठी – निकाल लागल्यावर घरी आपण मुलाला पहिला प्रश्न कोणता विचारता? एकदा आठवून पाहा.

– प्राचार्य