लक्ष्या कवा येते?

सिनेमातलं मला काही कळत नाही, असं अकोल्याच्या माझ्या सासुरवाडीत ठरून गेलेलं आहे. लग्न असो, बारसं असो, अगदी कुणाच्या तेरवीचं जेवण असो, विषय निघतोच. मग माझा साळा भर पंगतीत सांगतो, "भाऊजीले सिनेमाले नेऊ नका बाप्पा, मूड खराब करते माणूस." ‘झपाटलेला’च्या तिसऱ्या भागाची घोषणा झाल्यापासून तर त्याला नव्याने चेव आला आहे. गाजलेल्या भूतपटाचा दुसरा-तिसरा भाग बघावा का, यावर माझं म्हणणं आजवर कुणी पूर्ण ऐकून घेतलेलं नाही. ते इथे मांडतो.

‘झपाटलेला’ची गोष्ट सांगत बसत नाही. १९९३ चा महेश कोठारेंचा सिनेमा, रामदास पाध्यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू. मराठी घरात हे माहीत नसलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. आमच्या अमरावतीत चौकसुद्धा टॉकीजच्या नावाने ओळखले जातात, श्याम चौक काय, चित्रा चौक काय. अशा गावात वाढलेल्या माणसाला सिनेमातलं कळत नाही म्हणायचं, हेही मी ऐकून घेतलं.

‘झपाटलेला २’ आला ७ जून २०१३ ला, ऐन मृगाच्या तोंडावर. विदर्भात शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, त्यामुळे लेकरंबाळं घेऊन आम्ही अकोल्यालाच होतो. मराठीतला पहिला थ्रीडी सिनेमा म्हणून बराच गाजावाजा झाला होता. साळ्याने घरात त्याची जी जाहिरात केली, ती पोस्टरवाल्यांनीही केली नसती. दिग्दर्शक तेच, तात्या तोच, आवाज प्रभावळकरांचाच, इन्स्पेक्टर महेश तोच, मधु कांबीकरही आहेत. "सगळं जसंच्या तसं आहे, भाऊजी!" माझी सासू मात्र उठायला तयार नव्हती. तिला गुडघ्याचा त्रास, शिवाय एका डोळ्यात मोतीबिंदू. ती भुताखेतांची शौकीन नाही, ती लक्ष्याची, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेंची शौकीन आहे. टीव्हीवर ‘झपाटलेला’ लागला की शेजारणीलाही हाक मारून बोलावणारी बाई. तेव्हा साळ्याने हुकमाचं पान टाकलं. "माय, लक्ष्या आहे ना त्याच्यात!"

मी तिथेच म्हटलं होतं की लक्ष्मीकांत बेर्डे २००४ च्या डिसेंबरात गेले, नव्या सिनेमात ते येणार कसे? यात लक्ष्याच्या पोराची गोष्ट आहे, ते काम आदिनाथ कोठारे करतो, हे पेपरात छापून आलं होतं. तेही सांगितलं. साळा हसला. "आजकाल कॉम्प्युटरवर काहीबी होते, भाऊजी. तुमाले काय मालूम?" बायकोने माझ्याकडे डोळे वटारले. तिकिटं काढायला मीच पैसे दिले, नंतर हिशेब करू या बोलीवर.

टॉकीजचं नाव घेत नाही. दारात काळे चष्मे वाटत होते, त्यांच्या काचांवर आधीच्या खेळाच्या प्रेक्षकांची बोटं उमटलेली. सासूबाईंनी आपल्या चष्म्यावर तो दुसरा चष्मा चढवला आणि एका हाताने धरून बसल्या. पोरं खूश होती, अंगावर काही आलं की किंचाळत होती. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यांनी पहिला धड पाहिलेलाच नव्हता.

सासूबाई थोड्या थोड्या वेळाने साळ्याकडे वाकायच्या. "काऊन रे, लक्ष्या कवा येते?"

"येते ना माय, दम धर."

पुन्हा काही वेळाने तोच प्रश्न. पुन्हा, "आता येतेच." इंटरव्हल झालं, दिवे लागले. मी साळ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला कळलं, याला आधीपासून माहीत आहे. कॉम्प्युटर वगैरे सगळी थाप. लक्ष्या नाही हे याला घरीच ठाऊक होतं, आणि आईला घेऊन गेलं तर सगळं घर निघेल, सगळं घर निघालं तर तिकिटं माझ्याकडून निघतील, एवढं साधं गणित होतं. तो नजर चुकवून समोसे आणायला गेला. सासूबाईंनी चष्मे काढले, डोळे चोळले आणि मला म्हणाल्या, "जवाईबुवा, तुमी म्हनत होते ते खरं होतं काय?" मी काय बोलणार? दुसरा अर्धा त्यांनी डोळे मिटून काढला. सासुरवाडीत ‘भाऊजी झोपले’ असं सांगतात. झोपल्या होत्या सासूबाई.

खरी चीड मला त्यानंतरची आहे. बाहेर हॉटेलात आलुबोंडे खाताना मी एवढंच म्हणालो, की पहिल्याची सर नाही. साळा एकदम तत्त्वज्ञानी झाला. "तुम्ही पहिल्या पार्टाशी तुलना काहून करता? ह्याले याच्या जागी पाहा ना!" दुपारभर ज्याने ‘तेच, तेच, तेच’ म्हणून सिनेमा विकला, तोच तिकीट फाटल्यावर म्हणतो तुलना करू नका. तेव्हापासून माझी एक कसोटी आहे. जो माणूस, जे पोस्टर, जी जाहिरात पहिल्या सिनेमाच्या नावावर दुसरा विकते, तिच्याशी पहिल्याच्याच मापाने हिशेब करायचा. तो हक्क त्यांनी स्वतःहून आपल्याला दिलेला असतो.

आता माझ्या डोक्यात तेव्हापासून घोळणारा मुद्दा. पहिल्या ‘झपाटलेला’त भीती बाहुल्याची नाहीच. भीती याची, की लक्ष्या खरं सांगतोय आणि गाव हसतंय. त्यात त्याला बोलक्या बाहुल्यांचा नाद. म्हणजे बाहुला खरोखर बोलला तरी लोक म्हणणार, हाच बोलला. त्याची कलाच त्याच्या विरुद्ध साक्ष देते. ही रचना इतकी नामी आहे, की तिच्यावर पोट धरून हसता येतं आणि रात्री कपाटावरच्या बाहुलीकडे पाठ करून झोपवतही नाही. पण एकदा सिनेमा संपला, तात्याच्या भुवयांच्या मधोमध गोळी बसली, की गुपित फुटलं. इन्स्पेक्टर महेशला माहीत, प्रेक्षकाला माहीत, अख्ख्या महाराष्ट्राला माहीत, की बाहुल्यात तात्या आहे. दुसऱ्या भागात अविश्वास ठेवणार कोण? मग उरतात पळापळ आणि उड्या. जिनिंगमध्ये एकदा रुई निघाली की सरकी उरते. तिच्यातून पुन्हा रुई काढू म्हणणारा खोटं बोलतो, तेल काढू म्हणणाऱ्याचं मात्र ऐकून घ्यावं.

तेल काढणारे आहेत. ज्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून (१९८८) आपला तात्या सुचला, त्याच्या १९९० च्या दुसऱ्या भागात तो लहानगा अँडी नव्या पालकांकडे जातो. बाहुला जिवंत आहे यावर त्यांचा विश्वास नाही. म्हणजे लेखकाने अविश्वास पुन्हा पेरला. पुढे १९९८ च्या भागात तर त्यांनी सरळ बाहुल्याचं लग्न लावून विनोदच केला. हे सगळं लिहिणारा डॉन मॅन्सिनी पहिल्यापासून तोच आहे. सॅम रायमीनेही ‘इव्हिल डेड’च्या १९८७ च्या दुसऱ्या भागात तीच जंगलातली झोपडी घेऊन आचरट हास्याचा खेळ केला. तो अवश्य बघा. ‘एक्झॉर्सिस्ट’चं तर फारच बोलकं आहे. पहिला १९७३ चा. १९७७ चा दुसरा मूळ लेखक आणि मूळ दिग्दर्शक दोघांशिवाय निघाला आणि हसं झालं. १९९० चा तिसरा मूळ लेखक विल्यम पीटर ब्लॅटी यांनी स्वतःच्या कादंबरीवरून स्वतः दिग्दर्शित केला. त्यात इस्पितळाच्या लांब कॉरिडॉरचं एक दृश्य आहे, कॅमेरा जागचा हलत नाही, आणि आपण खुर्चीतून उडतो. शेवटचा भूत उतरवण्याचा प्रसंग स्टुडिओने लादला, तो कळतो. तरी दुसरा सोडून थेट तिसरा बघा, काही अडत नाही.

आपल्याकडचं ‘भूल भुलैया’चं उदाहरण मला सगळ्यात खटकतं. २००७ च्या सिनेमाचा सारा जीव यात, की भूत नाहीच, आजारी मन आहे. २०२२ च्या दुसऱ्या भागात पहिल्यातली मंजुलिका खरंखुरं भूत म्हणून हजर! पहिल्या सिनेमाने मांडलेलं सगळं पुसलं आणि नाव तेवढं ठेवलं. लोकांनी गर्दी केली, करोत.

थ्रीडीचं मात्र नीट ऐका, हे मी पैसे मोजून शिकलो आहे. १९८४ च्या ‘पुराना मंदिर’ने अंगावर काटा आणला. पुढच्याच वर्षी रॅमसे बंधूंनी त्यातल्याच सैतानाचं, सामरीचं नाव आणि तोच नट घेऊन ‘सामरी’ काढला, थ्रीडीत. २०१२ मध्ये ‘राज’चा तिसरा भाग, थ्रीडीत. त्याच वर्षी रामगोपाल वर्मांच्या ‘भूत’चा दुसरा भाग, तोही थ्रीडीत. २०१३ ला आपला तात्या. अमेरिकेत ‘फ्रायडे द थर्टीन्थ’, ‘जॉज’ आणि ‘अ‍ॅमिटीव्हिल’ या तिघांचे तिसरे भाग १९८२-८३ मध्ये असेच चष्मे घालून बघावे लागले. एवढ्यांना योगायोग म्हणायचं का? गोष्टीत भीती उरली नाही की वस्तू प्रेक्षकाच्या अंगावर फेकायच्या, हा धंद्याचा जुना उपाय आहे. उलट पाध्यांचा पहिला बाहुला हाताने चालवलेला, त्याच्या हालचालींना मर्यादा होत्या, आणि त्या मर्यादाच पथ्यावर पडल्या. तो थोडा हलला तरी पुरे होतं.

शिवाय ज्याचा एक डोळा कमजोर आहे, त्याला थ्रीडीची खोली दिसतच नाही, कारण ती दोन डोळ्यांच्या दोन चित्रांतून तयार होते. अशा माणसाला अंधूक पडदा आणि डोकेदुखी एवढंच मिळतं. घरी मोतीबिंदूवालं माणूस असेल तर साध्या खेळाचंच तिकीट काढा. हे मला डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं. साळ्याने त्यावरही "असं काही नसते" म्हटलं.

बाकी सल्ले तुम्हालाही ठाऊक असतील. पहिल्या दिवशी जाऊ नये. ट्रेलरवर भरवसा ठेवू नये. दिग्दर्शक कोण आहे यापेक्षा लिहिलं कुणी आहे ते आधी बघावं. पोरांना रात्रीच्या खेळाला नेऊ नये. ‘लपाछपी’सारखा साधा, २०१७ चा मराठी भूतपट आवडला असेल तर त्याच्या हिंदी अवताराच्या दुसऱ्या भागाआधी मूळ सिनेमाच पुन्हा लावावा. उसाच्या फडातली ती भीती आम्हा वऱ्हाडातल्यांना जरा परकीच आहे म्हणा. आमच्या कपाशीच्या पऱ्हाटीत लपायचं तर भुताला वाकून बसावं लागेल.

आणि जुना सिनेमा पुन्हा पाहणं हा कमीपणा नाही. राही अनिल बर्वेंचा २०१८ चा ‘तुंबाड’ सप्टेंबर २०२४ मध्ये टॉकीजला परत लागला, तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. लोक नव्या भागासाठी नाही, त्याच सिनेमासाठी रांगेत उभे होते. तिकडे ‘झपाटलेला’च्या तिसऱ्या भागात कृत्रिम बुद्धीने लक्ष्याला उभं करायची भाषा कानावर आली आहे. साळ्याने लगेच मला फोन केला, "पाहा भाऊजी, म्या म्हटलं नव्हतं, कॉम्प्युटरवर होते म्हणून?" २०१३ ची थाप आता याला भविष्यवाणी वाटते! सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तो बनवलेला लक्ष्या मले नको." सिनेमातलं कुणाला कळतं, ते वाचकांनीच ठरवावं.

‘झपाटलेला २’ बघायचाच असेल तर घरी टीव्हीवर बघा, चष्म्याशिवाय, आणि ज्यांनी पहिला पाहिलेला नाही अशा पोरांना सोबत घ्या. त्यांना मजा येईल. पण घरात लक्ष्याची वाट बघणारं म्हातारं माणूस असेल, तर तो यात नाही हे त्याला सिनेमा सुरू होण्याआधी स्वच्छ सांगा. आणि २०१३ च्या तिकिटांचा हिशेब अजून झालेला नाही. तो होईपर्यंत तिसऱ्या भागाची तिकिटं मी काढणार नाही, हे अकोल्यात ज्याला कळायचं त्याला कळावं.