टंचाईच्या वर्षात परसबागेत मोठा भोपळा : हिशोब सांडपाण्याचा



कृषी प्रदर्शनात भाजीपाल्याच्या दालनापुढे सर्वांत जास्त गर्दी असते ती मोठ्या भोपळ्यापुढे. शेजारी उत्तम प्रतीची मिरची किंवा वांगी मांडलेली असतात, पण लोक थांबतात ते लेकीकडे निघालेल्या म्हातारीला आत बसता येईल अशा फळापाशी. मग प्रश्न सुरू होतात. बी कोणते? खत कोणते? आणि हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, पाणी किती पाजले? मोठे फळ हवे तर भरपूर पाणी, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. त्यामुळे टंचाईच्या वर्षी भोपळ्याचे आळेच केले जात नाही. वास्तविक ज्या घरात रोज आंघोळी होतात आणि भांडी घासली जातात, त्या घरी एक वेल पोसण्याइतके पाणी असते. मात्र ते एकाच वेलाला पुरते, आणि त्यासाठी वेलाचा विस्तार पाण्याच्या मापाने राखावा लागतो.

परदेशातील महाकाय भोपळ्यांची छायाचित्रे आता सर्वांनी पाहिली आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील हाफ मून बे येथे २०२३ साली १२४७ किलोचा भोपळा तोलला गेला. ही फळे कुकुर्बिटा मॅक्झिमा या जातीची असून त्यांचे बहुतेक बियाणे कॅनडातील हॉवर्ड डिल यांनी निवडलेल्या ‘अटलांटिक जायंट’ या वाणापासून आलेले आहे. त्या वेलाला थंड हवा लागते आणि भर वाढीच्या काळात दिवसाला शेकडो लिटर पाणी लागते. शिवाय चवीला ते फळ सामान्यच. मराठवाड्यात किंवा सोलापूर-नगरच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात त्याच्या नादी लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपला लाल भोपळा म्हणजेच डांगर हा बहुतांशी कुकुर्बिटा मॉस्काटा या जातीचा. तो उष्णता जास्त सोसतो, त्याचे फळ कित्येक महिने टिकते आणि घाऱ्या त्याच्याच चांगल्या होतात. गावात ज्यांच्याकडे मोठी फळे धरतात त्यांच्याकडून घरचे बी मागून घ्यावे. कोईमतूरच्या ‘को-१’ या वाणाची फळे सात-आठ किलोची होतात. ‘अर्का चंदन’ चवीला सरस आहे, पण फळ दोन-तीन किलोचेच असते. तेव्हा मोठ्या फळासाठी तो वाण निवडू नये.

पाणी जाते कुठे?

पंधरा किलोच्या भोपळ्यात साधारण साडेतेरा लिटर पाणी असते. म्हणजे फळात साठणारे पाणी एका घागरीएवढेच! पण तेच फळ पोसताना वेल आपल्या पानांतून आणि आळ्यातील जमीन उन्हाने जे पाणी हवेत सोडतात, ते सुमारे दोन हजार लिटरच्या घरात जाते. हा हिशोब समजून घेतला की पुढचे सगळे सोपे होते.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पावसाचा खंड असताना पानांनी पूर्ण झाकलेल्या जागेतून दिवसाला सुमारे पाच मि.मी. पाणी उडते असे धरावे. वेलाने सात चौ. मीटर जागा व्यापली असेल तर रोजची गरज झाली पस्तीस लिटर. वेल मोकाट सोडला तर तो वीस चौ. मीटर सहज व्यापतो आणि गरज शंभर लिटरवर जाते. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात बाष्पीभवन दिवसाला दहा-बारा मि.मी.पर्यंत पोहोचते. तेव्हा टंचाईच्या वर्षी उन्हाळी भोपळा लावूच नये. जूनमध्ये लावावा, म्हणजे निम्म्याहून अधिक वाढ पावसावर होते आणि आपल्याला फक्त खंडाचे दिवस सांभाळावे लागतात. अर्थात हे खंड लहान असतातच असे नाही. २०२३ सालचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि नेमका हाच भोपळ्याला फळ धरण्याचा काळ.

आता घरातले पाणी पाहू. टँकरचे पाणी ग्रामीण भागात माणशी दररोज वीस लिटर या प्रमाणात धरले जाते. पाच माणसांच्या घरात शंभर लिटर आले तर पिणे, स्वयंपाक व जनावरांचे भागवून आंघोळ व भांड्यांचे पस्तीस-चाळीस लिटर पाणी परत हाती लागते. म्हणून वरील सात चौ. मीटरचे माप धरले आहे. तुमच्या घरी पाणी कमी निघत असेल तर माप कमी करावे. ज्या गावाला टँकर चालू आहे तेथे ताजे पाणी वेलाला घालू नये, मग फळ केवढेही होणार असो. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली तेव्हा तिच्यातून अवघे पाच लाख लिटर पाणी आले होते आणि सारे शहर त्याच्या वाटेकडे डोळे लावून होते. अशा दिवसांत शेजारणीच्या देखत भोपळ्याला हंडा ओतणे कोणालाच शोभणार नाही. सांडपाण्याला मात्र कोणी हरकत घेणार नाही.

आळे आणि वेलाची आखणी

मे महिन्यात दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तापू द्यावा. त्यात पोयट्याची माती व दहा-पंधरा किलो चांगले कुजलेले शेणखत मिसळून भरावे. अर्धवट कुजलेल्या खताने वाळवी येते, ते टाळावे. खड्ड्याच्या कडेला आठ-दहा लिटरचे, रंग किंवा तेल न लावलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून ठेवावे व तोंडावर परळ झाकावा. मडक्यातून पाणी झिरपत थेट मुळांपाशी जाते, वरची माती ओली होत नाही आणि तणही कमी उगवते. या मडक्यात फक्त पावसाचे स्वच्छ पाणी भरावे. साबणाच्या पाण्याने मडक्याची छिद्रे बुजतात आणि दोन आठवड्यांत ते निकामी होते.

पत्र्याच्या छपराची पन्हळ एका पिंपात सोडली तर या कामाला पुष्कळ हातभार लागतो. वीस चौ. मीटरच्या छपरावर दहा मि.मी.ची एक सर पडली तर गळती वजा जाता दीडशेहून अधिक लिटर पाणी मिळते. म्हणजे वेलाची चार दिवसांची सोय झाली. पिंपावर डासांसाठी कापड बांधावे.

जूनमध्ये चांगली ओल झाल्यावर तीन बिया टोकाव्यात आणि पुढे एकच जोमदार रोप ठेवावे. नंतर वेलासाठी दोन मीटर रुंद व साडेतीन मीटर लांब जागा चार खुंट्या ठोकून आखून घ्यावी. खुंट्यांबाहेर जाणारा प्रत्येक शेंडा खुडायचा, एवढाच नियम. हिरवागार शेंडा खुडताना हात अडखळतो, परंतु न खुडलेला शेंडा आपल्या वाटच्या पाण्यातच भागीदार होत असतो. मुख्य वेल जमिनीवर पसरताना त्याच्या पेरांवर ओंजळभर माती ओढावी. तेथे मुळ्या फुटतात आणि पावसाची वरवरची ओल वेलाला घेता येते.

संपूर्ण जागेवर उसाचे पाचट, भुसकट किंवा वाळलेले गवत तीन-चार इंच जाड अंथरावे. काळ्या जमिनीत त्याआधी भेगा बुजवून घ्याव्यात, नाहीतर ओतलेले पाणी भेगेतून खोल निघून जाते. कोळपणी म्हणजे अर्धे ओलीत, असे जुने शेतकरी म्हणतात ते उगाच नव्हे. सात चौ. मीटरसाठी खुरपे पुरेसे आहे.

सांडपाणी कसे द्यावे?

आंघोळीचे व भांड्यांचे पाणी त्याच दिवशी द्यावे. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवल्यास त्याला वास सुटतो. तळाला भोक पाडलेल्या डब्यात खडी, त्यावर वाळू व वर नारळाची शेंडी घालून त्यातून पाणी गाळावे, म्हणजे खरकटे व तेलकटपणा अडतो. वाळू आठवड्याला धुवून घ्यावी. कपड्यांचे पहिले पाणी कटाक्षाने टाळावे. धुण्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार असतात आणि आपल्या चोपण होऊ पाहणाऱ्या काळ्या जमिनी त्याने घट्ट होतात. कपडे खळबळल्यानंतरचे दुसरे-तिसरे पाणी चालेल. लहान मुलांच्या लंगोटांचे पाणी मात्र नको. सांडपाणी पाचटाखाली, आळ्यात सोडावे. पानांवर व फळावर उडवू नये. पावसाची मोठी सर झाली की दोन-चार दिवस सांडपाणी बंद ठेवावे, म्हणजे क्षार धुपून खाली जातात.

पाणी रोज थोडे द्यावे, पण चुकवू नये. आठ दिवस कोरडे ठेवून एकदम तीन-चार हंडे ओतले तर फळाची साल तडकते, कारण आतला गर फुगतो आणि साल तेवढी ताणत नाही. टंचाईच्या वर्षी फळे फुटतात ती बहुधा अशा घाईनेच. दुपारी पाने मान टाकतात म्हणूनही घाबरून पाणी घालू नये. कडक उन्हात ओल असतानाही पाने लवतात व संध्याकाळी सावरतात. सकाळी सहा वाजता पाने लवलेली दिसली तरच वेल खरोखर तहानलेला आहे असे समजावे.

एक वेल, एक फळ

लावणीनंतर दीड-पावणेदोन महिन्यांत फुले येतात. आधी नर फुले, नंतर मादी. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ असते, त्यावरून ते ओळखावे. बुडाजवळचे पहिले मादी फूल काढून टाकावे आणि साधारण बारा-पंधराव्या पेरावरील फळ धरावे. पावसाच्या खंडात मधमाश्या कमी फिरतात. म्हणून सकाळी सहा ते आठच्या दरम्यान ताजे नर फूल खुडून, त्याच्या पाकळ्या काढून, परागकण मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवावेत. बी घरी राखायचे असेल तर आदल्या संध्याकाळी दोन्ही फुलांची तोंडे दोऱ्याने बांधावीत व परागीकरणानंतर मादी फूल पुन्हा बांधावे. नाहीतर शेजारच्या वेलाचा पराग मिसळतो आणि पुढच्या वर्षी भलतेच फळ निघते.

दोन-तीन फळे धरली तर आठ दिवस थांबून सर्वांत गोल, सरळ देठाचे एक ठेवावे व बाकीची कोवळी असतानाच भाजीला काढावीत. घरातल्या माणसांना हे पटवणे अवघड जाते, हे खरे.

फळधारणेनंतरचे पहिले दोन-तीन आठवडे सर्वांत महत्त्वाचे. या काळात फळातील पेशींची संख्या ठरते. पुढे त्या पेशी केवळ फुगत जातात. संख्या कमी राहिली तर नंतर कितीही पाणी दिले तरी फळ मोठे होत नाही. पिंपात साठवलेले पावसाचे पाणी याच दिवसांसाठी राखून ठेवावे. आधी किंवा नंतर थोडी ओढ बसली तरी चालेल.

फळाभोवती दोरा धरून दर चार दिवसांनी घेर मोजून ठेवावा. फळ अजून कोवळे असताना घेर वाढायचा थांबला तर आधी ओल पाहावी, मग पाने उलटून पाहावीत. कोरड्या हवेत भुरी हमखास येते. गंधकाची फवारणी भोपळावर्गीय पिकाची पाने उन्हात करपवते, म्हणून ती करू नये. सुरुवातीचीच रोगट पाने काढून लांब पुरावीत. तांबडे भुंगेरे सकाळी सुस्त असतात तेव्हा हाताने वेचावेत. कोवळ्या फळाला फळमाशीपासून वाचवण्यासाठी पातळ कापडाची सैल पिशवी बांधावी. फळाखाली कोरडी वाळू किंवा पेंढा घालावा आणि वर एखादे जुने पोते चार काठ्यांवर ताणावे. सावली फक्त फळाला करावी, पानांना नव्हे.

खताच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. कमी पाण्यात जास्त युरिया दिला तर मुळे भाजतात आणि जगलेला वेल नुसता पानांनी माजतो. लावणीनंतर एक महिन्याने व फळ धरल्यावर, असे दोनदा चमचा-दीड चमचा युरिया ओल असताना द्यावा. एरवी शेणाची दहापट पातळ केलेली स्लरी पुरेशी आहे.

कडू फळ खाऊ नये

दुधी, दोडका, काकडी व भोपळा या वर्गात कुकुर्बिटॅसिन नावाची कडू द्रव्ये असतात आणि पाण्याचा ताण व उष्णता यांमुळे ती वाढू शकतात. कडू दुधीच्या रसाने विषबाधा होऊन माणसे दगावल्याच्या घटना आपल्या देशात नोंदल्या गेल्या आहेत. टंचाईच्या वर्षातील प्रत्येक फळ चिरल्यावर लहानसा तुकडा जिभेला लावून पाहावा व थुंकावा. कडू लागल्यास सबंध फळ टाकून द्यावे. शिजवल्याने हा कडूपणा जात नाही. फळ मोठे आहे, कष्टाचे आहे, म्हणून त्याचा मोह धरू नये. जनावरांनाही घालू नये.

एखाद्या वर्षी सप्टेंबर उजाडेपर्यंत पाऊसच आला नाही आणि सांडपाणीही वीस लिटरच्या खाली आले तर काय? तेव्हा खुंट्या आत घेऊन जागा चार चौ. मीटरवर आणावी. त्यात फळ पाच-सहा किलोचे होईल, पण पोसले जाईल. सर्व साधले तर ज्या गावरान बियाण्याची फळे एरवी पाच-सात किलोची होतात, त्याचे फळ दहा-बारा किलोचे होण्यास हरकत नाही. देठ वाळून खडबडीत झाला आणि सालीत नख रुतेनासे झाले की दोन इंच देठ ठेवून फळ कापावे. देठाला धरून उचलू नये. आठवडाभर सावलीत वारे लागेल असे ठेवून मग माळ्यावर पेंढ्यात ठेवावे. प्रदर्शनाला न्यायचे असेल तर आदल्या दिवशी ओल्या फडक्याने पुसावे, तेल चोळू नये. परीक्षक तेल लावलेले फळ लगेच ओळखतात.