रेड्याला पैठणात सोडू नकोस

बाळ, यंदा सप्ताहात सौंदलग्याला तू कीर्तनाला उभा राहणार आणि दृष्टान्ताला ज्ञानोबांचा रेडा घेणार, हे ऐकून फार बरं वाटलं. आता चार गोष्टी कानात घालतो.

ही आडकथा आहे. मूळ कथा चार भावंडांची, शुद्धिपत्रासाठी आळंदीहून पैठणला गेलेल्या पोरांची. रेडा मध्येच येतो, पाणी वाहत. म्हणून बहुतेक जण त्याच्याकडून वेद वदवून घेतात, त्याला तिथंच घाटावर सोडतात आणि भिंत चालवायला निघतात. एका कीर्तनात सगळे चमत्कार कोंबायचे नसतात. तू रेडाच धर.

आधी पखाल दाखव. आपल्या निपाणी भागात म्हशी घरोघर, पण पखाल आताच्या पोरांनी पाहिलेली नाही. कातड्याची मोठी पिशवी, पाठीवर दोन्ही अंगांना लोंबणारी, शिवणीतून पाणी ठिबकतंय, ओझ्यानं मान खाली गेलेली. मग वाद येऊ दे: सर्वांभूती एकच आत्मा म्हणतोस, तर या रेड्यात आणि तुझ्यात फरक नाही का? आसूड रेड्यावर पडतो आणि वळ ज्ञानोबांच्या पाठीवर उठतात. कथेचा जीव इथं आहे, वेदांत नव्हे. इथं अजिबात घाई करू नकोस. पखवाजवाल्याला आधीच सांगून ठेव, आसूड पडला की हात थांबव. चिकोडीकडची कन्नड माणसं बसलेली असली तर वळांचं एक वाक्य कन्नडात सांग.

वेद म्हणताना रेड्याचा आवाज काढू नकोस. पोरं हसतात आणि मांडव हातातून जातो. ज्ञानोबांनी मस्तकावर हात ठेवला, एवढं सांगून टाळकऱ्यांकडं बघ, ते चाल उचलतील. ‘प्रभात’च्या 1940 च्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये दामले-फत्तेलालांनी हा प्रसंग पडद्यावर दाखवला. तुझ्याकडं शब्दच आहेत, ते पुरतात.

आणि मग रेड्याच्या मागोमाग चाल. परंपरा सांगते, तो भावंडांबरोबरच निघाला. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली नेवाशात ज्ञानेश्वरी झाली. आळंदीकडं परतताना जुन्नर तालुक्यातल्या आळे गावात रेड्यानं देह ठेवला आणि ज्ञानोबांनी त्याला समाधी दिली. स्वतः 1296 साली समाधी घेणाऱ्यानं आधी एका पखालीच्या रेड्याला दिली. इथं पोचलो की माझा गळा अजून दाटतो. तुझा दाटला तर दाटू दे, लपवू नकोस.

पण कथा सांगण्याआधी एकदा आळ्याला जाऊन ये. निपाणीहून पुणे गाठ, पुढं नाशिकची एसटी धर, आळेफाट्याला उतर. तिथून गाव जवळच आहे.