शरद ऋतूतील शाळा : काठीची सावली आणि कापसाची ओल

भाद्रपद सरून आश्विन लागला की वर्धा जिल्ह्यातील शिवाराचे रूप पालटते. सेलू तालुक्यातील हिंगणी गावाच्या आसपास पाहावे, तर एकीकडे बोर धरणाचे निवळलेले पाणी, पलीकडे जंगलाची कड आणि मधल्या वावरांत सोयाबीनची कापणी, फुलावर येणारी तूर व बोंडांनी लवलेली पऱ्हाटी दिसते. शाळेतही हा काळ गजबजलेला असतो. सहामाही परीक्षा, तालुक्याचे क्रीडासामने, वक्तृत्वस्पर्धा, विज्ञानप्रदर्शनाची तयारी ही सर्व एकाच सुमारास येतात, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतील कपाटात एखादी ढाल वाढते. ढाल मिळाल्याचा आनंद रास्तच आहे. परंतु चाळीस मुलांच्या वर्गात ढाल आणणारी मुले चार-पाच असतात. उरलेल्या पस्तीस मुलांनी शरद ऋतूत काय मिळविले, हे विचारले असता बहुतेक शाळांत उत्तर देण्याजोगी नोंद सापडत नाही.

या प्रश्नाचा एक मोठा ऊहापोह याच जिल्ह्यात, याच ऋतूत आणि एका माध्यमिक शाळेतच झाला होता. वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयाच्या (पुढे नवभारत विद्यालय) रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि परिसरातील एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफलेले अध्यापन, हे तिचे मुख्य ठराव होत. शिक्षकांचे वेतन क्रमाक्रमाने या उत्पादनातून निघावे, अशीही अपेक्षा तिने व्यक्त केली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याच वर्षीच्या डिसेंबरात जो अहवाल दिला, त्यात मात्र सावधगिरीची सूचना होती : उत्पन्नावर फार भर दिला, तर मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याकडे शिक्षकांचा कल होईल आणि शिक्षणाचा हेतू मागे पडेल. मूलोद्योगाच्या शाळा पुढे मागे पडल्या, टकळ्या अडगळीत गेल्या. ती सूचना मात्र आजही तितकीच लागू आहे. उपक्रमातून किती माल निघाला वा किती बक्षिसे आली, यापेक्षा मुलाने स्वतः काय मोजले, काय पडताळले, हे पाहिले पाहिजे.

हिंगणीसारख्या गावातील शाळेत हे अल्प साधनांनी साधते. प्रथम सावलीचा पाठ घ्यावा. पटांगणात एक काठी अशी रोवावी की तिचा जमिनीवरील भाग नेमका एक मीटर राहील. ओळंबा लावून ती सरळ करावी. २३ सप्टेंबरच्या सुमारास साडेअकरापासून साडेबारापर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी आणि सर्वांत आखूड सावली मोजावी. ती सुमारे ३८ सेंटिमीटर भरते. पाचवीच्या मुलाने केवळ लांबी लिहावी. सातवीच्या मुलाने प्रमाणात काटकोन त्रिकोण काढून काठीच्या टोकाशी होणारा कोन कोनमापकाने मोजावा. तो २१ अंशांच्या आसपास येतो. मग नकाशासंग्रह उघडून हिंगणीचे अक्षवृत्त पाहावे. विषुवदिनी हे दोन आकडे जुळतात, हे मुलांना आधी सांगू नये; त्यांना ते सापडू द्यावे. दहावीच्या वर्गात हाच त्रिकोण त्रिकोणमितीच्या पहिल्या पाठाला उपयोगी पडतो.

मोजणी येथेच थांबवू नये. दर आठवड्याला एकदा मोजल्यास २२ ऑक्टोबरच्या सुमारास सावली ६२ सेंटिमीटरच्या जवळ, २२ नोव्हेंबरला ८७ च्या जवळ आणि २२ डिसेंबरला ९८ च्या जवळ गेलेली आढळेल. म्हणजे काठीएवढीच सावली होऊ पाहते, आणि त्यानंतर ती मागे फिरते. ज्या दिवशी आभाळ असेल, त्या दिवसाच्या रकान्यात ‘ढगाळ’ एवढेच लिहावे. अंदाजाने आकडा भरण्याची सवय एकदा जडली की निरीक्षणवहीची किंमत उरत नाही. आणि खरे सांगावयाचे तर ही सवय मुलांपेक्षा मोठ्यांतच अधिक आढळते.

दुसरा पाठ कापसाचा. कार्तिकात पहिली वेचणी सुरू होते. प्रत्येक गटाने शंभर ग्रॅम कापूस घरून आणावा, हातांनी सरकी वेगळी करावी व रुई आणि सरकी निरनिराळी तोलावी. रुई साधारणतः एक-तृतीयांश भरते. परंतु गटागटांत फरक पडतो, आणि तो का पडला याची चर्चा हाच पाठाचा गाभा होय. यानंतर पहाटेच्या दहिवरात वेचलेला व दुपारी वेचलेला असे दोन नमुने तोलून उन्हात वाळवावेत आणि पुन्हा तोलावेत. शेकडेवारीचे उदाहरण येथे आपोआप तयार होते. हे उदाहरण पोकळ नाही. भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने खरेदी करताना ८ टक्के ओलावा प्रमाण धरते; त्याहून अधिक असल्यास भावात कपात होते आणि १२ टक्क्यांपलीकडचा माल घेतला जात नाही. उन्हात वाळवून आलेली घट म्हणजे एकूण ओलावा नव्हे, यंत्राचा आकडा निराळा येतो, हेही शिक्षकांनी स्पष्ट करावे. तरीही बापाच्या गाडीतील कापसाचा भाव कशामुळे उतरला, हे ज्या मुलाला कळले त्याला शेकडेवारी पुन्हा शिकवावी लागत नाही.

तथापि याच कापसामुळे वर्गातील बाके रिकामी होतात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. घरात हातांची गरज असते. दिवाळीच्या सुटीनंतर काही मुले, विशेषतः मुली, आठ-पंधरा दिवस उशिरा येतात आणि काही येतच नाहीत. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. नववीतली मुलगी त्या वयोमर्यादेच्या बाहेर पडलेली असते, आणि नेमकी तीच वेचणीच्या कामाला अधिक उपयोगी ठरते. बालमजुरीविषयक कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीने घरच्या कामात मदत करण्याची मुभा दिली आहे ती शाळा सुटल्यावर व सुटीत. शाळेच्या वेळात नव्हे. ही गोष्ट पालकांच्या सभेत सांगावी. परंतु सभा दिवसा न घेता वावरातून माणसे परतल्यावर, दिवेलागणीनंतर घ्यावी. हजेरीपटावर नुसती गैरहजेरी न मांडता कारणही टिपावे, म्हणजे कोणाच्या घरी कधी जावयाचे हे ठरविता येते.

उशिरा परतलेल्या मुलीला रागे भरण्यात अर्थ नाही. तिच्या वहीत सावलीचे दोन-तीन रकाने कोरे राहिलेले असतात. ते मैत्रिणीच्या वहीवरून भरू द्यावेत, मात्र समोर मैत्रिणीचे नाव लिहावयास सांगावे. दिवसाला किती किलो वेचणी झाली, सकाळचा गाठोडा दुपारच्याहून जड का लागला, हे तिला ठाऊक असते. वर्गात कापसाच्या ओलीचा पाठ चालू असेल त्या दिवशी फळ्यापाशी तिला उभे करावे आणि तिने सांगितलेले आकडे इतरांनी आपापल्या वहीत उतरून घ्यावेत.