जुन्या डिझेल मालमोटारीतील व्हॅक्यूमची गळती

ब्रेकचे पेडल जड झाले की मालक प्रथम लायनर बदलतात. हा खर्च पुष्कळदा व्यर्थ जातो, असे आम्हांस वाटते. पेट्रोल इंजिन हवा ओढतानाच निर्वात उत्पन्न करते. डिझेल इंजिनात तशी सोय नसल्याने निराळा पंप लागतो, व त्याची ओढ रबरी नळ्यांवाटे बूस्टरपर्यंत जाते. ती वाटेत गळाली, तर घाट उतरताना भरलेली गाडी केवळ चालकाच्या पायाच्या बळावर थोपवावी लागते.

चाकांस दगड लावून, इंजिन बंद असता पेडल चारपाच वेळा दाबावे. मग दाबूनच धरावे व इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली न गेल्यास गेज थेट पंपास जोडावे. समुद्रसपाटीस पाऱ्याचे २० ते २५ इंच दिसावेत. बेळगावच्या उंचीवर दोनअडीच इंच उणे दिसतात, त्याबद्दल पंपास दोष देऊ नये. पंप ठीक असल्यास पुढचा एकेक भाग जोडीत जावे. ज्या जोडणीनंतर काटा घसरतो, गळती तेथेच. बहुधा नळीचे चिरलेले टोक निघते, क्वचित एकदिशा झडप किंवा बूस्टरमधील पडदा.

नळी मात्र व्हॅक्यूमचीच घ्यावी. पाण्याची स्वस्त नळी ओढीने आतून मिटते, आणि गळती नसतानाही पेडल पुन्हा जडच राहते.