ग्रीष्मातील सागरतटावरील भ्रमंती : ऋतुचर्या, लवणाचा प्रश्न आणि वैद्याचे कर्तव्य

विषयप्रवेश

ग्रीष्म हा आदानकालातील अखेरचा व सर्वांत तीव्र ऋतू. या ऋतूत शरीरबल क्षीण असते. म्हणून शास्त्रकारांनी व्यायाम, सूर्यताप आणि लवण-अम्ल-कटु रसांचे अधिक सेवन वर्ज्य सांगितले आहे. व्यवहारात मात्र वर्षातील मोठी सुटी नेमकी याच दिवसांत येते. वर्सोवा-अंधेरी परिसरातील अनेक जोडपी तरीने खाडी ओलांडून मढला उतरतात, एरंगळ-अक्सा-मार्वेच्या किनाऱ्याने, कोठे पुळणीतून तर कोठे काळ्या खडकांवरून, पायी हिंडतात आणि संधी मिळाल्यास वल्ह्याची छोटी नाव, म्हणजे कयाक, चालवितात. निघण्यापूर्वी त्यांपैकी काही जण वैद्याकडे किंवा औषधालयात येऊन ‘थंडावा देणारे काही द्या’ अशी मागणी करतात. आपण गुलकंद, वाळ्याचे सरबत, प्रवाळपिष्टी देतो आणि कर्तव्य संपले असे मानतो.

एवढे पुरेसे आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रतिपादन थोडक्यात असे : ग्रीष्मात लवण वर्ज्य करण्याचा उपदेश विश्रांतीत राहणाऱ्या मनुष्याला उद्देशून आहे. चार-चार तास घाम गाळणाऱ्यास तो जसाच्या तसा सांगणे अपायकारक ठरू शकते. तसेच शीत औषधींची मर्यादा कोठे संपते आणि रुग्णालयाची वाट कोठे सुरू होते, हे वैद्याने व औषधविक्रेत्याने आधीच निश्चित केलेले असले पाहिजे.

किनाऱ्यावरील उष्म्याचे स्वरूप

‘समुद्राचा वारा असतो, तेथे ऊन बाधत नाही’ हा समज सर्वत्र आढळतो व तो घातक आहे. भारतीय हवामान विभाग मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअसला पोहोचल्यावर उष्णतेच्या लाटेचा विचार करतो. किनारपट्टीसाठी हीच मर्यादा ३७ अंश आहे, मात्र तापमान सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी वाढलेले असावे लागते. हा फरक सहेतुक आहे. हवेत आर्द्रता अधिक असली की घाम येतो परंतु वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. स्वेद वाहून जातो, जल व लवण खर्च होते, ऊष्मा मात्र आतच राहतो.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावरील समारंभानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. ते लोक चढण चढत नव्हते की वल्ही मारत नव्हते. बसूनही हे घडू शकते, तर श्रम करणाऱ्याची स्थिती किती नाजूक असेल, याची कल्पना यावी.

ऋतू आणि बल

हेमंत-शिशिरात बल उत्तम आणि ग्रीष्मात अल्प, हा सिद्धांत साहसी प्रवासाच्या नियोजनातही खरा ठरतो. मुंबईचे कयाकपटू कौस्तुभ खाडे यांनी गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंतचा सुमारे ३००० किलोमीटरचा पश्चिम किनारा २०१६-१७ च्या हिवाळ्यात कयाकने पार केला. त्यांच्या जोडीदार शांजली शाही यांनी तेच अंतर किनाऱ्याने सायकलवर कापले. जोडीने किनारा पाहण्याचे याहून मोठे उदाहरण आपल्याकडे क्वचितच असेल. एवढ्या दीर्घ श्रमास निवडलेला काळ शीत ऋतूचा होता, हे लक्षात घ्यावे. म्हणून वैद्याचा पहिला सल्ला हाच असावा : मोठी मोहीम हेमंतात करावी, ग्रीष्मात केवळ छोटी भ्रमंती.

वाग्भटाचार्यांनी अर्धशक्तीपर्यंतचा व्यायाम शीतकालात व वसंतात सांगितला आहे. अन्य ऋतूंत तो त्याहूनही मंद असावा. मुखाने श्वास घ्यावा लागणे, मुखशोष, तसेच ललाट, नासिका, कक्षा व संधिस्थानी स्वेद येणे ही अर्धशक्तीची लक्षणे आहेत. ग्रीष्मात ही दिसेपर्यंत थांबू नये. बोलता बोलता वाक्य तुटू लागले की सावलीत बसावे, अशा सोप्या शब्दांत हा नियम रुग्णास सांगता येतो. मर्यादा ओलांडल्यास तृष्णा, क्लम, ज्वर, छर्दी उत्पन्न होतात, असे चरकसंहितेतील अतिव्यायामाचे वर्णन सांगते. उष्माजन्य विकारांच्या आरंभीच्या लक्षणांशी ते बरेच जुळते.

दिनचर्येतील आणखी तीन उपदेश येथे अक्षरशः लागू पडतात : छत्र व पादत्राण धारण करून, पुढची सुमारे चार हात भूमी न्याहाळीत चालावे, बाहुबळावर नदी तरून जाऊ नये, ज्या नावेविषयी शंका आहे तीत बसू नये. खडकांवरील कालवांच्या धारदार शिंपांनी तळपाय चिरतात. म्हणून पादत्राण आवश्यक आणि धनुर्वाताची लस घेतलेली असणे इष्ट. नावेत बसताना तरंगजाकीट अंगावर बांधलेले असावे. पायाशी ठेवलेले जाकीट निरुपयोगी होय.

लवणाचा प्रश्न

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. लवण रस पित्तवर्धक आणि ग्रीष्मात वर्ज्य, हे खरे. परंतु तेच शास्त्र सैंधवाची गणना शालि, मुद्ग, आमलक, घृत यांच्यासमवेत नित्यसेवनीय द्रव्यांत करते. वर्ज्य आहे तो लवणाचा अतिरेक. लोणची, पापड, खारवलेली मासळी, तळलेले खारे पदार्थ यांचा त्यात अंतर्भाव होतो. घामावाटे गेलेले लवण भरून काढणे हा अतिरेक नव्हे.

उन्हात श्रम करणाऱ्या प्रौढ व्यक्तीचा तासाला एक लिटर किंवा त्याहूनही अधिक घाम जाऊ शकतो. अशा वेळी केवळ साधे पाणी अतिप्रमाणात प्यायल्यास रक्तातील सोडियम घटते. शिरःशूल, हृल्लास, संभ्रम, प्रसंगी आक्षेप येतात. ही लक्षणे उष्माघातासारखीच दिसतात आणि भोवतालचे लोक आणखी पाणी पाजतात! नारळपाणी उत्तम आहे. परंतु त्यात पोटॅशियम विपुल व सोडियम त्या मानाने कमी असते. दीर्घ श्रमात केवळ त्यावर विसंबू नये.

घरी करावयाचे पानक असे : स्वच्छ पाणी एक लिटर, साखर सहा सपाट चहाचे चमचे, बारीक कुटलेले सैंधव अर्धा सपाट चमचा. साखर-मिठाचे हे प्रमाण क्षारसंजीवनीच्या घरगुती कृतीतील आहे. त्यात लिंबू किंवा कोकमाचे पाणी रुचीपुरते घालावे; लवण अंदाजाने वाढवू नये. तयार पुडी वापरल्यास तीवर छापलेल्या मापानेच पाणी घ्यावे. हे पानक श्रमाच्या काळात घोट घोट घ्यावे. अन्य वेळी तृष्णेनुसार साधे पाणी. बाजारातील कोकम-आवळ्याच्या दाट सरबतात साखर फार असते, म्हणून ते पुरेसे पातळ करावे. परतल्यावर सातूचे पीठ, साखर व थंड पाणी यांचा मंथ, भात, दूध, तूप असा मधुर-स्निग्ध-शीत आहार शास्त्रोक्त आहे. मद्य मात्र त्या दिवशी पूर्णतः वर्ज्य.

उच्चरक्तदाब, हृद्रोग वा वृक्कविकार असलेल्यांस लवणयुक्त पानक सरसकट सांगू नये. अशा व्यक्तीने ग्रीष्मात दीर्घ श्रमच टाळावेत, हे अधिक श्रेयस्कर.

एक कल्पित उदाहरण

विचारार्थ असे समजू : वर्सोव्याचे एक दांपत्य सल्ल्यासाठी आले आहे. पती ४२ वर्षांचे, पित्तप्रधान प्रकृतीचे, मलावष्टंभासाठी रोज रात्री सोनामुखीयुक्त चूर्ण घेणारे. पत्नी ३९ वर्षांच्या, रक्तदाबासाठी मूत्रल गोळी घेणाऱ्या. मे महिन्यातील एकाच दिवशी मढ ते मार्वे चालणे व खाडीत कयाक, असा त्यांचा बेत आहे.

प्रथम औषधांचा विचार. विरेचक चूर्णाने द्रवनाश होतो. म्हणून ते आदल्या रात्री व त्या दिवशी थांबवावे. गोक्षुर-पुनर्नवादी मूत्रल कल्प व ग्रीष्मातील गुडासह हरीतकी यांविषयीही तसाच विचार करावा. भल्लातकाचे कल्प या ऋतूत टाळावेत. पत्नीची मूत्रल गोळी आपण परस्पर बंद करू नये. ज्या डॉक्टरांनी ती दिली त्यांना विचारण्यास सांगावे आणि त्यांचा होकार नसल्यास श्रमाचा भाग वगळावा. कित्येक अॅलर्जीविरोधी व मनोविकारांवरील औषधांमुळेही शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता घटते. औषधविक्रेत्याने ‘आणखी कोणती औषधे चालू आहेत?’ हा एक प्रश्न विचारला तरी मोठे कार्य होते.

दुसरा विचार काळाचा. आपल्या किनाऱ्यावरील जुना आडाखा असा की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता भरतीची वेळ मिळते. षष्ठीस साधारण साडेचार, अष्टमीस सहा, दशमीस साडेसात, पौर्णिमा-अमावास्येस सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. पंचांग पाहण्याची सवय असलेल्या वैद्यास हे सहज जमेल. तथापि हा आडाखा स्थूल आहे. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचा छापील तक्ता पाहावा आणि कोळीवाड्यातील जाणत्यास विचारावे.

यावरून दिसते की चालणे व वल्हवणे ही एका दिवसाची कामे नव्हेत. खडकांवरून चालण्यास षष्ठी-सप्तमीची सकाळ बरी. पहाटे भरती होऊन पाणी उतरू लागलेले असते आणि हे दिवस भांगाचे असल्याने समुद्राचा जोर कमी असतो. सहाला निघून नऊच्या आत सावली गाठावी. कयाकसाठी दशमीच्या सुमारास सकाळ योग्य. सहाच्या सुमारास चढत्या भरतीबरोबर खाडीत आतील बाजूस जावे आणि पाणी स्थिरावताच परतावे. ओहोटी जोरात लागली की खाडीच्या मुखाशी प्रवाह समुद्राकडे ओढतो. त्या वेळी पाण्यात असू नये. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात नवशिक्यांनी नाव घालूच नये. अक्सा किनारा बुडण्याच्या घटनांसाठी कुप्रसिद्ध आहे. तेथे जीवरक्षकांचा शब्द अंतिम मानावा. मे महिन्याच्या अखेरीस समुद्र खवळू लागतो, त्यामुळे त्यानंतर हा बेत पूर्णपणे सोडून द्यावा.

मर्यादारेषा

भ्रमंतीहून परतलेला रुग्ण थकवा, तृष्णा, पेटके, शिरःशूल घेऊन येतो, परंतु शुद्धीवर आहे, नीट उत्तरे देतो आणि पाणी पिऊ शकतो. त्याला सावलीत झोपवून पाय उंच करावेत, ओल्या कापडाने अंग पुसावे, पानक द्यावे. तासाभरात उतार न पडल्यास, वारंवार वांती होत असल्यास किंवा बरेच साधे पाणी पिऊनही शिरःशूल व हृल्लास वाढत असल्यास रुग्णालयात पाठवावे. केवळ त्वचा भाजली असल्यास कोरफडीचा गर किंवा शतधौत घृत लावावे. पुढील दोन-तीन दिवस षडंगोदक, उशीरासव, प्रवाळपिष्टी यांचा यथाप्रकृती उपयोग होतो.

परंतु रुग्ण बरळत असेल, चालताना झोकांड्या देत असेल, आक्षेप आले असतील किंवा शुद्ध हरपली असेल आणि अंग अतिशय तापलेले असेल, तर तो उष्माघात समजावा. त्वचा कोरडीच असते असे नाही. श्रमजन्य उष्माघातात ती घामाने भिजलेलीही असते. अशा वेळी तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत थांबून न राहता अंगावर भरपूर पाणी ओतावे, जोराने वारा घालावा, मान-कक्षा-वंक्षणी बर्फ ठेवावा. शक्य तेवढ्या लवकर, अर्ध्या तासाच्या आत, ताप उतरविणे यावर प्राण अवलंबून असतात. आतपाने दग्ध झालेल्यास सदैव शीत उपचार करावा, या सुश्रुताचार्यांच्या उपदेशाशी हे सुसंगतच आहे. शुद्ध नसलेल्याच्या मुखात पाणी, रस, भस्म काहीही घालू नये. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. ते देण्यात वेळ दवडू नये.

उपसंहार

ऋतुचर्या ही निषेधांची यादी नसून बल, काल आणि कर्म यांचा मेळ घालण्याचे शास्त्र आहे. ग्राहकाच्या हाती गुलकंदाची बरणी देताना तिथी, वेळ, सैंधवाचे माप, चालू औषधे आणि १०८ हा क्रमांक या पाच गोष्टी सांगण्यास पाच मिनिटे पुरतात. उन्हाळा सुरू होण्यापूर्वी प्रत्येक चिकित्सालयाने व औषधालयाने त्या एका कागदावर लिहून दर्शनी भागी लावाव्यात, अशी विनंती आहे.

स्वाध्यायासाठी प्रश्न

१. ग्रीष्मातील लवणवर्जन व स्वेदजन्य लवणक्षय यांची संगती आपण रुग्णास कोणत्या शब्दांत सांगाल?
२. आपल्या औषधालयातील कोणत्या कल्पांवर ‘उन्हातील श्रमापूर्वी घेऊ नये’ अशी सूचना असावी?
३. एकादशीस सकाळी भरती साधारण किती वाजता येईल? त्या दिवशी खाडीत नाव घालणाऱ्यास परतण्याची वेळ कोणती सांगाल?